रात्री गार, दुपारी हरलेला: करंजाळ्यातल्या एका एसीचं प्रकरण

यंत्र दीड टनाचं, इन्व्हर्टर स्प्लिट, तीन तारे, आर-३२ गॅसवर चालणारं, २०२१ साली घेतलेलं. जागा गोव्यात करंजाळ्याला, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. फ्लॅट शेवटच्या मजल्यावर, बेडरूम १२ बाय १३ फूट, एक भिंत पश्चिमेची. महिना एप्रिल. तक्रार अशी: रात्री अकरानंतर खोली छान गार होते, पण दुपारी दोन ते सहा कितीही वेळ चालवला तरी २८-२९ अंशांच्या खाली काही येत नाही. रिमोटवर १८ लावलेलं.

घरात निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. मी त्यांना बाई म्हणतो, आमच्याकडे शिक्षिकेला तेच म्हणतात. माझ्याआधी दोन मेकॅनिक येऊन गेले होते. पहिल्याने इनडोअर युनिट जेट पंपाने धुतलं आणि ते काम त्याने चांगलं केलं होतं. कॉइल स्वच्छ, ब्लोअरच्या पात्यांवर बोट फिरवलं तर काळं काही लागत नव्हतं. दुसऱ्याने ‘गॅस कमी आहे’ म्हणून गॅस भरला आणि अडीच हजार रुपये घेतले. बाई म्हणाल्या, “गॅस भरल्यावर दोन दिवस बरं वाटलं, मग परत तेच.” दुबईतला मुलगा फोनवर सांगत होता की जुना काढून टाकू आणि दोन टनाचा बसवू.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण गोव्यातल्या घरांमध्ये अशी तक्रार मला दर उन्हाळ्यात दिसते आणि बहुतेक वेळा तिचं उत्तर गॅसमध्ये शोधलं जातं. एसी गारवा तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. म्हणून तीन गोष्टी विचारायच्या: आत किती उष्णता येतेय, यंत्र ती उचलतंय का, आणि बाहेर टाकलेली खरंच निघून जातेय का. गॅसचा संबंध फक्त मधल्या प्रश्नाशी आहे.

रात्री नीट चालतो, हा या तक्रारीतला सर्वांत मोलाचा धागा होता. गॅस खरंच खूप कमी असेल तर रात्रीही त्रास होतो, फार तर थोडा कमी. कमी गॅसची लक्षणंही ठळक असतात: बाहेरच्या युनिटजवळच्या बारीक पाइपवर बर्फ धरतो, इनडोअर कॉइलच्या एकदोन ओळीच गार लागतात आणि बाकीची कॉइल कोमट राहते, करंट कमी ओढला जातो. इथे बर्फाचा मागमूस नव्हता. कॉइल वरपासून खालपर्यंत सारखी गार होती. करंट उलट जास्तच होता.

दुपारी तीनची मापं

मोजमाप मुद्दाम तक्रारीच्या वेळीच घेतलं. सकाळी दहाला जाऊन ‘चालतोय की’ म्हणण्यात काही अर्थ नसतो.

वीज आधी पाहिली, कारण एप्रिल-मेमध्ये काही भागांत व्होल्टेज पडतं. प्लगवर भार नसताना २२८, एसी पूर्ण चालताना २२१ व्होल्ट. प्लगच्या पिना काळवंडलेल्या नव्हत्या. तो विषय तिथेच संपला.

इनडोअरमध्ये शिरणारी हवा २९ अंश, बाहेर पडणारी साडेवीस. फरक साडेआठ अंश. कोरड्या गावात हा फरक पाहून मी कपाळाला आठी घातली असती, पण किनाऱ्यावर हवा दमट असते आणि यंत्राची बरीच शक्ती वाफेचं पाणी करण्यात जाते, त्यामुळे तापमानाचा फरक कमी दिसतो. म्हणून एवढ्यावर निकाल देता येत नाही. आर्द्रता ७० टक्के, म्हणजे बंद खोलीत तासभर एसी चाललेला असताना हवी त्यापेक्षा बरीच जास्त. हा आकडा मी बाजूला लिहून ठेवला.

मग आउटडोअर युनिट. ते अरुंद युटिलिटी गॅलरीत होतं. समोर ग्रिल, आणि ग्रिलला आतून पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक पत्रा. गोव्यात पश्चिमेकडून येणारी झड काय असते ते वेगळं सांगायला नको. पूर्वी मातीच्या भिंतींना पावसाळ्यात माडाच्या चुडतांचा, म्हणजे झावळ्यांचा, आडोसा करत आणि पाऊस सरला की तो काढून टाकत. पत्रा मात्र एकदा स्क्रूने बसला की बारा महिने तसाच राहतो. इथेही मागच्या जूनमध्ये लावलेला एप्रिलमध्ये जागेवर होता.

बाईंच्या देवघरातली एक उदबत्ती मागून घेतली. ती युनिटच्या पंख्यासमोर धरली तेव्हा धूर सरळ पुढे गेला, पत्र्यावर आपटला, वर वळला आणि युनिटच्या डोक्यावरून मागे जाऊन मागच्या जाळीतून परत आत खेचला गेला. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. “म्हणजे टाकलेलीच उष्णता तो परत खातोय,” त्या म्हणाल्या. अगदी तेच. गच्चीच्या सावलीत हवा साडेतेहतीस अंश होती आणि युनिटच्या मागच्या बाजूला, जिथून ते हवा घेतं, तिथे ४० अंश. एसीची क्षमता मोजताना बाहेर ३५ आणि आत २७ अंश धरतात. या यंत्राला रोज दुपारी त्यापेक्षा पाच अंश जास्त गरम हवेत काम करावं लागत होतं, आणि करंजाळ्यात तेव्हा एवढं तापमान नव्हतंच.

रात्री बाहेर २६-२७ अंश असताना हाच पत्रा फारसा आड येत नाही, कारण मागे येणारी हवाही ३२-३३ च्या आसपासच राहते.

क्लॅम्प मीटर लावून उभा राहिलो. करंट चढत चढत सव्वाआठ अँपिअरवर गेला, थोडा वेळ तिथे राहिला आणि मग एकदम पाचच्या आसपास उतरला. पुन्हा चढला, पुन्हा उतरला. कॉम्प्रेसरचा आवाजही त्याबरोबर चढायचा नि मंद व्हायचा. इन्व्हर्टरचा बोर्ड कॉम्प्रेसरला जपत होता. बाहेरची कॉइल फार तापली की तो वेग कमी करतो, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच यंत्र हात आखडता घेतं. कंडेन्सरच्या, म्हणजे याच बाहेरच्या कॉइलच्या, मधल्या वळणावर थर्मामीटर बांधला तर ५८ अंश. आत शिरणाऱ्या हवेपेक्षा हे १८ अंशांनी जास्त. नीट चाललेल्या यंत्रात हा फरक मला साधारण १२ ते १५ दिसतो. पत्र्यामुळे ४० अंशांची हवा मिळत होती, हे कळलं. पण त्या ४० वर आणखी १८ का, याचं उत्तर पत्र्यात नव्हतं.

मागची बाजू

वीज बंद करून, बोर्डावरच्या कपॅसिटरमधली साठलेली वीज उतरायला वेळ देऊन, युनिटचं वरचं झाकण काढलं. समोरून टॉर्च मारल्यावर फिन, म्हणजे कॉइलच्या नळ्यांवरच्या पातळ पट्ट्या, चांगले दिसत होते. भिंतीकडची बाजू बघायची तर वरूनच डोकवावं लागतं, आणि समुद्राजवळच्या घरात ती बघितल्याशिवाय मी झाकण लावत नाही. खालच्या तिसऱ्या भागात ॲल्युमिनियमचे फिन अंगठा लावताच पांढरी भुकटी होऊन गळत होते. तांब्याच्या नळ्या जागेवर, पण त्यांच्याभोवतीचे फिन नावालाच.

खाऱ्या वाऱ्याचं हे काम. तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटलेले, वर मिठाचा दमट थर. अशा वेळी दोहोंपैकी ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं. दुपारी समुद्रावरून येणारा वारा रोज थोडं मीठ आणून ठेवतो. उघड्यावरच्या युनिटचं मीठ पावसाळ्यात धुऊन निघतं. इथे पत्र्यामुळे पावसाचं गोडं पाणीही पोचत नव्हतं, फटींतून मीठ मात्र येत होतं. फिनचं काम नळीतली उष्णता हवेला देण्याचं. ते नळीपासून सुटले की पंखा कितीही फिरो, तेवढा भाग कामातून गेला. माझ्या अंदाजाने कॉइलचा पाव हिस्सा असा गेला होता.

गॅसचं काय?

आता दुसऱ्या मेकॅनिकने भरलेल्या गॅसकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे.

बाईंनी सांगितलं की त्याने एसी बंद करून मीटर लावला आणि ‘बघा, प्रेशर कमी आहे’ म्हणाला. बंद एसीच्या प्रेशरवरून गॅस किती आहे ते कळत नाही. आत थोडाही द्रव शिल्लक असेल तोवर प्रेशर फक्त तापमानावर ठरतं. स्वयंपाकाचा सिलिंडर अर्धा असो की पाव, शेगडीची ज्योत सारखीच असते, तसंच हे. आर-३२ चं ३० अंशांना बंद प्रेशर २६५ पीएसआयच्या आसपास असतं, मग आत चारशे ग्रॅम असोत की हजार. सकाळच्या गारव्यात मोजलं तर कमी दिसेल, दुपारी जास्त दिसेल. अगदी रिकामं झालेलं यंत्र सोडलं तर हा आकडा काहीच सांगत नाही.

चालू स्थितीत मी मोजलं तेव्हा सक्शन, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचं प्रेशर, १५८ पीएसआय होतं. आर-३२ साठी याचा अर्थ इनडोअर कॉइलमधला गॅस साडेबारा अंशांच्या आसपास उकळतोय, म्हणजे कॉइल हवी त्यापेक्षा गरम. जास्त सक्शन आणि तापलेला कंडेन्सर हे दोन्ही एकत्र दिसले की गॅस कमी असण्याची शक्यता जवळजवळ मिटते आणि जास्त असण्याची वाढते. तरी मी अंदाजावर थांबलो नाही, कारण गेलेल्या फिनमुळेही आकडे असेच दिसू शकतात. वजन हाच पुरावा. आर-३२ पेट घेऊ शकतो, म्हणून त्याच गॅससाठी चालणारं रिकव्हरी यंत्र आणि सिलिंडर वापरून, गॅलरीचं दार उघडं ठेवून, सगळा गॅस बाहेर काढला आणि काट्यावर ठेवला: १ किलो ९० ग्रॅम. युनिटच्या पाटीवर लिहिलेलं: ८२० ग्रॅम.

म्हणजे २७० ग्रॅम जादा. हा जादा द्रव कंडेन्सरच्या खालच्या नळ्यांत साचून राहतो आणि तेवढी जागा अडवतो. आधीच पाव कॉइल मिठाने गेलेली, त्यात आणखी थोडी गॅसने बुजवलेली. गॅस भरल्यावर दोन दिवस बरं का वाटलं, हे बाईंनीच आठवून सांगितलं: त्या दोन दिवसांत आभाळ भरून आलं होतं, संध्याकाळी वळवाची एक सरही पडून गेली होती.

मग कोरड्या नायट्रोजनने ३५० पीएसआय दाब देऊन रात्रभर ठेवलं. ऑक्सिजन या कामाला कधीही वापरायचा नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. सकाळी दाब तापमानाच्या फरकाइतकाच हलला होता. गळती कुठेच नव्हती. याचा अर्थ गॅस मुळात कमी झालेलाच नव्हता. बंद यंत्रातला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी छिद्र आहे, आणि छिद्र न शोधता नुसता गॅस भरून देणाऱ्याला पैसे देऊ नयेत. ही गोष्ट मी प्रत्येक घरात सांगतो आणि सांगत राहणार आहे.

व्हॅक्यूम पंपाने आतली हवा ५०० मायक्रॉनपर्यंत (हे व्हॅक्यूमचं माप) ओढून, पंप बंद करून तो टिकतोय ना ते पाहून, ८२० ग्रॅम वजन करून भरले.

बादलीतलं पाणी

आर्द्रता ७० टक्के का, हे अजून सुटलेलं नव्हतं. एसीच्या पाण्याची नळी बाल्कनीतल्या बादलीत सोडलेली होती. ते पाणी मोजलं: तासाला एक लिटर सातशे मिलीच्या घरात. खिडक्या-दारं बंद असलेल्या, एकच माणूस असलेल्या खोलीतून, तासभर चालून झाल्यावरही एवढं पाणी निघतंय म्हणजे बाहेरची दमट हवा कुठून तरी सतत आत येत होती.

उदबत्ती पुन्हा कामी आली. खिडकीच्या फटीशी धरली तर धूर आत वळला. दाराखालच्या फटीशी धरली तर तिथेही आत. हवा सगळीकडून आत येतेय, तर ती जातेय कुठे? बाथरूमच्या दाराशी गेल्यावर उत्तर मिळालं. धूर दाराखालून सुसाट आत ओढला गेला. आत एक्झॉस्ट फॅन चालू होता आणि तो दिवसरात्र चालू असायचा. बाई म्हणाल्या, “अरे, बंद ठेवला की बुरशीचा वास येतो.” खरंच आहे. आपल्याकडे बंद बाथरूममध्ये चामड्याची चप्पल ठेवली तरी आठवड्यात हिरवी होते.

पण तो पंखा काय करत होता ते आकड्यांत बघा. बाहेर ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम वाफ असते. आत २६ अंश आणि ५५ टक्के ठेवायचं तर १३ ग्रॅम. फरक १० ग्रॅम. पंख्याने तासाला १०० घनमीटर हवा जरी खेचली, तरी तेवढीच दमट हवा फटींतून आत येणार, आणि तिच्यातलं एक लिटर पाणी दर तासाला एसीलाच पिळून काढावं लागणार. एक लिटर वाफेचं पाणी करायला जवळपास ६८० वॉट शक्ती जाते. हवा ३३ वरून २६ वर आणायची, त्याची भर घातली की ९०० वॉट होतात. जेमतेम ३५ वॉटचा पंखा, पण दीड टनाच्या सव्वापाच किलोवॉटमधला सहावा हिस्सा तोच खात होता.

पंखा बंद केला, बाथरूमचं दार लावलं. दीड-दोन तासांनी पुन्हा मोजलं तेव्हा पाणी तासाला सहाशे मिलीवर आलं होतं. बुरशीवर तोडगा म्हणून पंख्याला टायमर बसवला: आंघोळीनंतर अर्धा तास चालून आपोआप बंद होतो. बाथरूमची बाहेरची झडप उघडी ठेवली आणि बेडरूमकडच्या दाराखाली रबराची पट्टी लावली.

पत्रा, फिन, आणि वरचा स्लॅब

पत्रा काढला. युनिट भिंतीपासून पुढे घेऊन, ब्रॅकेट बदलून, पंखा ग्रिलला लागूनच येईल असं बसवलं, म्हणजे हवा थेट बाहेर जाते. कॉइल गोड्या पाण्याने, प्रेशर न लावता, हळूहळू धुतली. जोराने मारलं असतं तर उरलेले फिनही गेले असते.

स्लॅबबद्दल थोडक्यात. वर कौलांचं छप्पर नाही, उघडी गच्ची आहे. संध्याकाळी पाचला छताचा आतला भाग ३९ अंश होता. साधा हिशेब केला तर एवढ्या छतातून खोलीत सव्वा किलोवॉटच्या आसपास उष्णता उतरते. गच्चीवर पांढरा परावर्तक लेप द्यायचा प्रस्ताव बाईंनी सोसायटीसमोर मांडलाय. तोवर दुपारी पडदे ओढलेले आणि छताचा पंखा मंद चालू, एवढं त्यांच्या हातात आहे. रिमोटवरचे १८ मी २५ वर आणले. १८ लावल्याने खोली लवकर गार होत नाही, यंत्र फक्त थांबायचं नाव घेत नाही.

नंतर तशाच उन्हाच्या दिवशी, दुपारी तीनलाच, सगळं पुन्हा मोजलं. बाहेर ३४ अंश. युनिटमध्ये शिरणारी हवाही ३४. कंडेन्सर ४७. सक्शन १३२ पीएसआय, म्हणजे कॉइल सात अंशांच्या आसपास. खोलीतली हवा २५, एसीतून निघणारी साडेचौदा. आर्द्रता ५६ टक्के. करंट चढून एका जागी स्थिर झाला आणि मग खोली गार होत गेली तसा सावकाश उतरला. आधी दोन ते पाच या तीन तासांत सव्वाचार युनिट वीज जायची आणि खोली २८ वर अडायची. आता सव्वातीन युनिटमध्ये २५ वर राहते.

दोन टनाच्या यंत्राचं काय झालं असतं, हे मुलाला फोनवर मीच समजावलं. तेही त्याच पत्र्यामागे बसलं असतं, आणखी जास्त उष्णता त्याच गॅलरीत ओतून तीच परत ओढली असती. रात्री, जेव्हा भार कमी असतो, तेव्हा ते खोली झटपट गार करून मंदावलं असतं आणि हवेतली ओल पुरेशी निघाली नसती. किनाऱ्यावर जरुरीपेक्षा मोठा एसी घेतला की अंथरूण ओलसर लागतं ते यामुळे.

कंडेन्सरची गेलेली पाव कॉइल मात्र गेलीच आहे. ती धुऊन परत येत नाही. सध्या उरलेल्या भागावर काम भागतंय, कारण बाकीचे अडथळे दूर झालेत. पण कुरतडणं थांबलेलं नाही. म्हणून दर महिन्याला मागच्या बाजूने बादलीभर गोडं पाणी ओतायचं, वीज बंद करून, हे बाईंच्या घरी काम करणाऱ्या मावशींना दाखवून ठेवलंय. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात, लेप दिलेल्या निळ्या फिनची नवी कॉइल बसवायची. तिची किंमत नव्या एसीच्या निम्म्याहून जास्त निघाली तर कॉइल न बदलता दीड टनाचाच नवा घ्यायचा, असं बाईंशी बोलून ठरवलंय.

आणि पत्रा जूनमध्ये पुन्हा लागणारच, त्याशिवाय झडीचं पाणी थेट वॉशिंग मशीनवर येतं. या वेळी तो एसीपुढची चौकट मोकळी सोडून लावायचा. युनिटला पाऊस चालतो, ते उघड्यावर ठेवण्यासाठीच बनवलेलं असतं. सुताराला मापं दिली आहेत.